परतीचा पत्ता



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला या गावात गेली कित्येक वर्षे अव्याहत चालू आहे, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला चार वर्षे लाभले. आणि संगणकाच्या प्रोग्रॅमिंगसारख्या, त्यांच्या हयातीत या तालुक्याच्या वेशीपर्यंतही न पोचलेल्या विषयावर बोलायला उभा राहत असताना त्यांची एक शिस्त माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. वहीच्या प्रत्येक पानाची उजवीकडची चार बोटे जागा ते आम्हांला घडी घालून राखून ठेवायला लावीत. ती जागा कच्च्या कामाची. उदाहरण चक्रवाढ व्याजाचे असो वा हौदाच्या घनफळाचे असो, मध्येच एखादा अवजड गुणाकार उभा राहिला की मुख्य उदाहरण आहे तिथे थांबवायचे, त्या समासात जायचे, गुणाकार उरकायचा, आणि आलेला आकडा घेऊन ज्या ओळीवरून निघालो त्याच ओळीवर परतायचे. मात्र निघण्यापूर्वी त्या ओळीवर पेन्सिलीने एक बारीक टिंब द्यायचे, असा त्यांचा दंडक होता. टिंब न देता समासात गेलेला मुलगा बहुधा भलत्याच ओळीवर परत येतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. आज मी जे सांगणार आहे ते सगळे त्या टिंबाचेच विवरण आहे असे समजावे.

प्रथम यंत्राचा स्वभाव पाहू. संगणकाच्या स्मृतीत ओळीने घरे असतात, प्रत्येक घराला क्रमांक असतो, आणि त्या घरांत जसे आकडे राहतात तशाच आज्ञाही राहतात. यंत्र एका घरातील आज्ञा वाचते, ती हुकूमबरहुकूम पार पाडते आणि शेजारच्या घराकडे वळते. हा त्याचा नित्याचा शिरस्ता. तो मोडायचा असेल तर ‘अमुक क्रमांकाच्या घरी जा’ अशी एक निराळी आज्ञा द्यावी लागते, आणि तिला त्या विद्येत उडी म्हणतात. उडी मारण्याची सोय अशा यंत्रांत पहिल्यापासून होती. परंतु उडी मारून गेलेल्याने काम आटोपल्यावर माघारी यावे कसे, याची उपजत सोय त्यांत नव्हती. ती माणसाला बुद्धी चालवून करावी लागली, आणि फंक्शन नावाची जी वस्तू आज जगातील यच्चयावत प्रोग्रॅमांचा पाया होऊन बसली आहे तिचा जन्म या एका गरजेतून झाला. पुष्कळ पुस्तके फंक्शनची व्याख्या ‘नाव दिलेला आज्ञांचा गट’ अशी करतात. ती चूक नाही, पण तिच्यात प्राण नाही. कारण नाव देऊन गट बांधणे हे कुणालाही सुचण्याजोगे आहे. एकच गट दहा ठिकाणांहून बोलावला जावा आणि दर वेळी ज्याने बोलावले त्याच्याकडेच तो नेमका परत जावा, यात खरी मर्माची गोष्ट आहे.

आपल्या घरातील आरत्यांची पुस्तिका आठवा. तिच्यात ध्रुपद पहिल्या कडव्यापाशी एकदाच संपूर्ण छापलेले असते. पुढच्या प्रत्येक कडव्याच्या अखेरीस नुसते ‘॥ध्रु॰॥’ एवढे चिन्ह असते. छापखान्याचा कागद वाचतो हा त्यातला उघड फायदा. ध्रुपदात एखादा शब्द चुकला असेल तर तो एकाच जागी दुरुस्त करून भागते, हा दुसरा आणि माझ्या मते अधिक मोलाचा. पण गाणाऱ्यावर मात्र एक जबाबदारी येते. ध्रुपद संपले की पुढे कोणते कडवे घ्यायचे हे ध्रुपदात कुठेही लिहिलेले नसते, लिहिता येणारही नाही. कारण तेच ध्रुपद दुसऱ्या कडव्यानंतर येते तेव्हा तिसऱ्याकडे जायचे असते आणि तिसऱ्यानंतर येते तेव्हा चौथ्याकडे. ती खूण गाणाऱ्याने मनात धरायची. गर्दीच्या मांडवात टाळांच्या गजरात ती सुटली, की अर्धी मंडळी तिसऱ्या कडव्यात आणि अर्धी चौथ्यात, असा प्रकार आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेला आहे. यंत्राला तर मन नाही. ती खूण त्याने धरावी कुठे?

या प्रश्नाचे व्यवहारात उतरलेले पहिले नामांकित उत्तर इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठात मिळाले, आणि त्या ठिकाणी मी थोडा रेंगाळणार आहे. मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली तेथील गणिती प्रयोगशाळेत एडसॅक नावाचे यंत्र बांधले जात होते. पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्यांमधून ध्वनीच्या लहरी फिरवत ठेवून ते आपली स्मृती टिकवी, आणि आरंभी त्या स्मृतीत अवघी ५१२ घरे होती. ६ मे १९४९ या दिवशी त्याने आपला पहिला प्रोग्रॅम यथास्थित चालवून वर्गसंख्यांचा तक्ता छापून दिला. यंत्र तर चालू झाले. आणि लवकरच विल्क्स यांच्या ध्यानात आले की यंत्र बांधण्याइतकेच, किंबहुना त्याहून कठीण, असे काम आता पुढे आहे, ते म्हणजे त्याच्यासाठी बिनचूक प्रोग्रॅम लिहिणे. ज्योतिर्विद, रसायनज्ञ, जीवशास्त्रज्ञ असे नाना खात्यांचे लोक आपापली गणिते घेऊन येणार. त्या प्रत्येकाने वर्गमूळ काढण्याच्या, कोनाची ज्या काढण्याच्या, आकडे छापण्याच्या आज्ञा नव्याने लिहाव्या आणि नव्याने चुका कराव्या, हे विल्क्स यांना मान्य नव्हते. त्यांनी हे काम आपल्या एका विद्यार्थ्यावर सोपवले. त्याचे नाव डेव्हिड व्हीलर, आणि वय बावीस.

व्हीलरने काढलेली युक्ती इतकी देखणी आहे की ती सविस्तर सांगितल्यावाचून माझ्याने राहवत नाही. एडसॅकमध्ये ‘अमुक घरातील मजकूर संचायकात मिळवून घे’ अशी एक आज्ञा होती. संचायक म्हणजे चालू हिशेबाचा आकडा जिथे साठतो ती जागा. व्हीलरने ही आज्ञा अशी लिहिली की तिच्यातील ‘अमुक घर’ म्हणजे ती आज्ञा स्वतः ज्या घरात वस्ती करते तेच घर. आज्ञाही अखेर आकडाच असल्यामुळे त्या आज्ञेने स्वतःलाच उचलून संचायकात ठेवले, आणि तिच्या पोटातच तिच्या घराचा क्रमांक असल्यामुळे निघण्याच्या जागेचा पत्ता आपोआप सोबत आला. पुढच्या घरातील आज्ञेने सबरूटीनकडे, म्हणजे त्या काळच्या फंक्शनकडे, उडी घेतली. सबरूटीनने येताक्षणी आपले काम सुरू न करता संचायकातील त्या आकड्यात एक ठरावीक आकडा मिळवला; त्या बेरजेने ‘मिळवून घे’ या आज्ञेचे रूपांतर ‘त्या घराच्या दोन घरे पुढे जा’ या आज्ञेत झाले, आणि ही नवी आज्ञा सबरूटीनने आपल्याच शेवटच्या, मुद्दाम रिकाम्या राखलेल्या घरात नेऊन बसवली. मग ती आपल्या कामाला लागली. काम संपता संपता ती शेवटच्या घरात पोचली, तेव्हा परतीची वाट तिथे आधीच मांडून ठेवलेली होती. या क्लृप्तीला आजही व्हीलरची उडी म्हणतात. पेशवाईत खलिता घेऊन आलेला जासूद पुढच्या मुक्कामी पाऊल ठेवताच ‘जाब कोठे पोचता करावयाचा’ हे आधी लिहवून घेई आणि मगच खलित्याची मोहर फोडू देई अशी कल्पना केली, तर या रचनेचे मर्म ध्यानात येईल.

या एका युक्तीच्या बळावर केंब्रिजला ग्रंथालय उभे राहिले. पण त्या ग्रंथालयात ग्रंथ नव्हते, छिद्रे पाडलेल्या कागदी फिती होत्या. पोलादी कपाटात त्या विषयवार ठेवलेल्या असत. गणित घेऊन आलेल्या माणसाने हवी ती फीत काढावी, तिची नक्कल आपल्या फितीत उतरवून घ्यावी आणि मूळ फीत जागच्या जागी ठेवावी, अशी वहिवाट पडली. १९५१ पर्यंत त्या कपाटात ८७ सबरूटीनांचा संग्रह झाला होता, आणि त्याच साली विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांनी या विद्येवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. ज्याने कधी एडसॅक पाहिले नाही असा माणूसही दुसऱ्याने लिहिलेले, पारखलेले आणि कपाटात ठेवलेले ज्ञान त्याच्या अंतर्रचनेची चौकशी न करता वापरू शकतो, हा विचार त्या पुस्तकाने सर्वत्र नेला. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला, त्या वेळी हा विचार परदेशात रुळून जवळजवळ दशक लोटले होते.

इथे गणिताचे आणि प्रोग्रॅमिंगचे एक नाते व एक अंतर सांगून ठेवतो. फंक्शन हा शब्द लायब्निट्सने गणितात आणला, ऑयलरने त्याला आज प्रचलित असलेले चिन्ह दिले, आणि आपल्या परिभाषेत आपण त्याला फलन म्हणतो. गणितातील फलन कुठे जात नाही आणि कुठून येत नाही. पाचाचा वर्ग पंचवीस, हे कुणी विचारले नाही तरी सत्यच आहे. प्रोग्रॅममधील फंक्शन मात्र काळात घडते. ते बोलावले जाते, काही क्षण नांदते, उत्तर देते आणि संपते. मध्यंतरी ते जगात काही बदल करूनही जाऊ शकते, जसे कागदावर छापणे किंवा खात्यातून पैसे वळते करणे. एकाच शब्दाने दोन्ही वस्तू ओळखल्या जात असल्यामुळे नवशिक्यांचा फार घोटाळा होतो. अमेरिकेत अलोन्झो चर्च यांनी १९३०च्या दशकात केवळ फलनांवर उभारलेले एक कलन रचून दाखवले, आणि या दोन कल्पनांमधील दरी बुजवण्याचा ध्यास तेव्हापासून कित्येक बुद्धिमंतांनी घेतला आहे. पण तो आजचा विषय नाही.

व्हीलरच्या युक्तीत एक उणीव होती. परतीचा पत्ता सबरूटीनच्या स्वतःच्या अंगातच, एकाच घरात लिहिलेला असे. सबरूटीनने दुसरीला बोलावले तर हरकत नव्हती, कारण दुसरीचे घर निराळे. पण एखादीने काम पुरे होण्याआधी स्वतःलाच पुन्हा बोलावले, तर नवा पत्ता जुन्यावर लिहिला जाई आणि मूळ यजमानाकडे जाण्याची वाट कायमची पुसली जाई. कुणी म्हणेल की स्वतःलाच बोलावण्याचा खटाटोप करावा कशाला? पण अनेक गोष्टींचा स्वभावच तसा असतो. पंचतंत्र पाहा. गोष्टीतील पात्र गोष्ट सांगू लागते, त्या गोष्टीतील पात्र आणखी एक सांगते, आणि श्रोत्याला हे पक्के ठाऊक असते की सर्वांत शेवटी उघडलेली गोष्ट सर्वांत आधी मिटणार आणि सर्वांत आधी उघडलेली सर्वांत शेवटी. आत शिरण्याचा क्रम आणि बाहेर पडण्याचा क्रम हे एकमेकांच्या नेमके उलट.

या उलट क्रमासाठी योग्य भांडे कोणते, याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे: चळत. भाकऱ्यांची चळत, ताटांची चळत. शेवटी ठेवलेले पहिल्यांदा उचलायचे. परतीचा पत्ता फंक्शनच्या अंगात न लिहिता सर्वांना सामायिक अशा एका चळतीवर ठेवावा, बोलावताना एक थर चढवावा आणि परतताना वरचा थर उतरवावा, एवढी व्यवस्था केली की कितीही खोल गेले तरी वाट चुकत नाही. अॅलन ट्युरिंगने १९४५ च्या अखेरीस लिहिलेल्या आपल्या संगणकाच्या आराखड्यात ही कल्पना मांडलेली आहे. परतीची टिपणे ‘पुरणे’ आणि ‘उकरणे’ अशा क्रियापदांनी त्याने तिचा निर्देश केला, हे वाचताना अंगावर रोमांच उभे राहतात. जर्मनीत बाउअर आणि सामेलझोन यांनी तिला स्वतंत्रपणे ‘तळघर’ म्हटले. १९६० साली अल्गॉल ही भाषा सिद्ध झाली, आणि त्याच साली हॉलंडच्या डायक्स्ट्राने स्वतःला बोलावणाऱ्या फंक्शनांची व्यवस्था या चळतीवर कशी लावावी याचे स्वच्छ विवरण केले. आज सर्वजण तिला स्टॅक म्हणतात. १९५७ सालच्या फोरट्रान भाषेत ही सोय नव्हती, आणि त्या भाषेच्या प्रमाणग्रंथात ती यायला १९९१ साल उजाडावे लागले.

ही चळत चालते कशी, ते एका लहान उदाहरणात पाहू. पाचाचे क्रमगुणित काढायचे आहे, म्हणजे पाचापासून एकापर्यंतच्या अंकांचा गुणाकार. फंक्शन म्हणते, पाच गुणिले चाराचे क्रमगुणित. पण ते मला ठाऊक नाही, म्हणून मी माझा ‘पाच’ आणि माझी परतीची जागा चळतीवर ठेवते आणि स्वतःलाच चार घेऊन पुन्हा बोलावते. चाराचे तिनाला, तिनाचे दोनाला, दोनाचे एकाला. एकापाशी मात्र उत्तर कुणालाच विचारावे लागत नाही; ते एक. आता उतरणी सुरू होते. वरचा थर उचलला, तिथे दोन वाट पाहत होता, गुणाकार दोन, पुढचा थर, तीन, गुणाकार सहा, मग चोवीस, मग एकशे वीस, आणि चळत रिकामी. प्रत्येक थराला आपल्या खाली काय आहे याची जाणीव नाही आणि असण्याची गरजही नाही. एकापाशी थांबण्याची अट लिहायला जो विसरतो, त्याची चळत वाढत वाढत नेमून दिलेल्या जागेबाहेर जाते आणि ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार पाहणारा प्रोग्रॅम, त्या प्रोग्रॅमचा तत्काळ वध करते.

परंतु परतीचा पत्ता चळतीवर ठेवल्याने एक नवे भय जन्मले. त्याच चळतीवर त्याच्या शेजारी फंक्शनचा इतर ऐवजही असतो. बाहेरून आलेला मजकूर साठवण्याची जागाही असते. त्या जागेपेक्षा अधिक मजकूर कुणी ओतला आणि त्याला अटकाव नसला, तर तो सांडून परतीच्या पत्त्यावर पडतो. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत नेमके हे घडले. एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने सोडलेला एक प्रोग्रॅम यंत्रायंत्रांतून पसरला, आणि त्याच्या मार्गांपैकी एक असा होता की ५१२ अक्षरांसाठी राखलेल्या जागेत त्याहून लांब ओळ धाडायची, आणि त्या जादा मजकुरात खोटा परतीचा पत्ता लिहायचा. काम संपवून विश्वासाने परत निघालेले फंक्शन आपल्या यजमानाकडे न जाता घुसखोराच्या दारात गेले. ज्या फंक्शनने लांबी न मोजता ओळ वाचून घेतली ते ‘गेट्स’ नावाचे फंक्शन सी भाषेच्या प्रमाणग्रंथातून काढून टाकायला २०११ साल लागले. तेवीस वर्षे! इतकी दिरंगाई का झाली याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही, आणि एवढी उघडी जखम इतका काळ उघडी राहू दिल्याबद्दल या व्यवसायातील आम्हां सर्वांनाच खंत वाटली पाहिजे.

आता प्रोग्रॅमच्या प्रवेशद्वाराकडे येऊ. प्रत्येक फंक्शनला कुणीतरी बोलावते असे म्हटले, तर पहिल्याला कोण बोलावते? बेल लॅबोरेटरीजमध्ये डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी सी भाषा घडवली, आणि ब्रायन कर्निगन व रिची यांचे १९७८ सालचे पुस्तक उघडून ज्यांनी तिचा श्रीगणेशा केला, त्यांच्या पहिल्याच धड्यात जगाला नमस्कार छापणारा चार-पाच ओळींचा प्रोग्रॅम येतो, आणि त्यात ‘मेन’ नावाचे फंक्शन असते. शिक्षक सांगतात की प्रोग्रॅम मेनपासून सुरू होतो. मीही कित्येक वर्षे तसेच शिकवले. एका चिकित्सक मुलीने वर्गात विचारले, की मेन जर शेवटी शून्य परत देते तर ते देते कुणाला? त्या प्रश्नाने माझे शिकवणे बदलले.

मेन हे नाव यंत्राला ठाऊक नसते. सीच्या आजीच्या नात्यातल्या बीसीपीएल या भाषेत त्याच जागी ‘स्टार्ट’ असे नाव होते. केन थॉम्प्सन यांच्या बी भाषेत मेन आले आणि तिथून ते सीमध्ये उतरले. ही सगळी माणसांची रूढी. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर आपला प्रोग्रॅम तयार होऊन फाईल बनते, तेव्हा तिच्या मस्तकावर एक शिरोलेख असतो. त्याची पहिली चार अक्षरे जातीची खूण सांगतात, आणि चोविसाव्या बाइटच्या पुढे एक पत्ता लिहिलेला असतो: अंमलबजावणी इथून सुरू करावी. तो पत्ता मेनचा नसतोच. तो प्रोग्रॅमचे सुटे भाग सांधणाऱ्या लिंकरने गुपचूप जोडलेल्या एका छोट्या तुकड्याचा असतो, आणि त्याचे नावही ‘स्टार्ट’च आहे. ऑपरेटिंग सिस्टिमने चळतीच्या तळाशी आधीच मांडून ठेवलेले शब्द, म्हणजे वापरणाऱ्याने प्रोग्रॅमच्या नावापुढे जे काही टंकले ते आणि त्यांची संख्या, तो गोळा करतो. भाषेच्या ग्रंथालयाला जागे करतो. सी++ असेल तर जी वस्तुजाते मेनच्या आधी उभी राहायला हवीत ती उभी करवतो. आणि एवढी सिद्धता झाल्यावर मेनला इतर कोणत्याही फंक्शनसारखे बोलावतो. मेन परतले की त्याने दिलेला आकडा घेऊन तोच प्रोग्रॅमचा गाशा गुंडाळतो. तो आकडा ज्याने हा प्रोग्रॅम सुरू करवला त्याच्यापर्यंत, बहुधा शेल नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमपर्यंत, पोचतो. शून्य म्हणजे कामगिरी फत्ते. अन्य आकडा म्हणजे काही बिघडले. त्यातही युनिक्सच्या रूढ पद्धतीत त्या आकड्याचे शेवटचे आठ बिटच पाहिले जातात, त्यामुळे आपल्या हातून २५६ चुका झाल्या असे मेनने प्रामाणिकपणे कळवले तर वरच्याला शून्य दिसते आणि तो संतुष्ट होतो. हा केवळ शब्दच्छल नाही. रात्रभर एकामागून एक चालणारी कामे या आकड्यावर विसंबून पुढे सरकत असतात.

एडसॅकवरही आरंभाची अशीच व्यवस्था होती. आरंभीचे बटण दाबले की टेलिफोन केंद्रात वापरतात तशा स्विचांवर कायम जोडलेल्या ३१ आज्ञा स्मृतीत उतरत, आणि मग त्या आज्ञा माणसाची फीत वाचू लागत; व्हीलरनेच त्या लिहिल्या होत्या आणि यंत्र सुरू झाले त्याच वर्षी सुधारून ४१ केल्या. फितीच्या अगदी अखेरीस एक सांकेतिक खूण असे, तिचा अर्थ: वाचन पुरे, आता अमुक घरापासून कामाला लागा. प्रारंभाची जागा लेखाच्या शेवटी लिहिलेली, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. जिथे सगळी सामग्री हजर झालेली असते तिथेच आरंभ करता येतो.

फंक्शन आणि त्याला बोलावणारा यांच्यात करार असतो: मी अमुक स्वरूपाचे देईन, तू तमुक स्वरूपाचे परत कर. हा करार लेखी नसला तरी असतोच. तरुणपणी एका कचेरीत मी फोरट्रानमध्ये काम करीत असताना एका सबरूटीनला ‘२’ हा आकडा दिला, आणि सबरूटीनच्या आत, आपलीच वस्तू आहे अशा समजुतीने, त्यात एक मिळवला. त्या भाषेत मूल्य जात नाही, त्या मूल्याच्या घराचा पत्ता जातो. आणि त्या यंत्रावर दोन हा आकडा सबंध प्रोग्रॅमसाठी एकाच घरात ठेवलेला होता. त्या क्षणापासून माझ्या प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे दोन लिहिले होते तिथे तिथे तीन झाले. चूक सर्वस्वी माझी होती. ती सापडायला मला अकरा दिवस लागले, आणि त्या अकरा दिवसांत मी सबरूटीनच्या आतली एकेक ओळ तपासली. बोलावताना मी तिला काय दिले होते एवढे मात्र पाहिले नाही.

त्याहून फार मोठ्या पटावर तीच गोष्ट ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कूरू येथे घडली. एरियान ५ हा युरोपचा नवा अग्निबाण प्रथमच उडाला आणि चाळीस सेकंदांच्या आत, साडेतीन-पावणेचार हजार मीटर उंचीवर, नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक उपकरणातील प्रोग्रॅमचा एक भाग एरियान ४ वरून जसाच्या तसा घेतलेला होता. तो एका ६४ बिटांच्या आकड्याचे १६ बिटांच्या पूर्णांकात रूपांतर करी. जुन्या अग्निबाणाच्या गतीत तो आकडा त्या मापात मावत असे, नव्याच्या अधिक वेगात मावला नाही. रूपांतर फसले, उपकरणाने काम सोडले, आणि त्याच प्रोग्रॅमवर चालणारे राखीव उपकरण तर त्याच्याही क्षणभर आधी बंद पडलेले होते. मनाला लागून राहते ती गोष्ट अशी की ते गणित उड्डाणानंतर उपयोगाचेच नव्हते. जुन्या अग्निबाणाच्या एका सोयीसाठी ते काही सेकंद पुढे चालू ठेवण्याचा दस्तूर तसाच राहिला होता. कपाटातील फीत निर्दोष होती, यजमान बदलला होता, आणि आकडा केवढा असावा ही अट फितीवर कुठे ठळक लिहिलेली नव्हती. केंब्रिजच्या त्या कपाटाने दुसऱ्याचे काम अंतर्रचना न पाहता वापरण्याची मुभा आपल्याला दिली. त्या मुभेबरोबर अटी वाचण्याचे ओझे येते, आणि ते आपण नेहमी उचललेले नाही.

त्या चिकित्सक मुलीच्या प्रश्नाचे शेवटचे टोक अजून राहिले आहे. मेनला स्टार्ट बोलावतो, स्टार्टला ऑपरेटिंग सिस्टिम चालू करते, त्या प्रोग्रॅमची मागणी शेल करतो, शेलची दुसरा कुणी. ही वंशावळ मागे नेत गेले तर कुठे पोचतो? लिनक्समध्ये पहिल्या क्रमांकाच्या प्रोग्रॅमपर्यंत. बाकी सर्व त्याची संतती. तो परतला, तर त्याचा आकडा घ्यायला कुणी नसते, आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सबंध यंत्र थांबवून टाकतो. त्याच्याही मागे कर्नलचे स्वतःचे आरंभीचे फंक्शन आहे, आणि त्याच्याही मागे वीज येताच प्रोसेसर ज्या घराकडे पाहतो ते घर. १९७८ सालच्या ८०८६ या प्रोसेसरमध्ये तो क्रमांक १०,४८,५६० होता. त्याच्यापुढे स्मृतीची अवघी १६ घरे उरत, आणि तेवढ्यात एक उडी लिहून ठेवण्याहून फारसे काही बसत नसे. ती उडी घेताना यंत्र मागे कसलीच खूण ठेवीत नाही. चळत अजून मांडलेली नसते, आणि ज्याच्याकडे परतायचे असा कुणी तिथे नसतो. कर्नलच्या त्या आरंभीच्या फंक्शनवर लिहिणाऱ्यांनी कंपायलरसाठी, म्हणजे माणसाने लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, एक स्पष्ट सूचना लिहून ठेवली आहे, की हे कधीही परतणार नाही.